चव्हाट्यावरची तलवार, खिशातलं पिस्तूल

निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानाधारकांपैकी अनेकांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. वर्धा शहराला चिकटून असलेल्या, अर्ध्या शहरी नि अर्ध्या शिवाराच्या सिंदी मेघेसारख्या गावातून पाहिलं तर या हत्यारांचे दोन वेगळे संसार दिसतात. एक शेतकऱ्याचा. रोही आणि रानडुकरं उभं पीक तुडवतात म्हणून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली लांब नळीची बंदूक. ती खांद्यावर असते, साऱ्या गावाला ठाऊक असते, आणि तिचा निम्मा उपयोग दिसण्यातच असतो. दुसरा संसार कमरेचा. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, शर्टाखाली, कातडी म्यानात. ते दिसू नये अशी मालकाचीही इच्छा असते आणि सरकारचीही.

खांद्यावरचं हत्यार शर्टाखाली कधी गेलं? हा प्रवास जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. एका कायद्याने आणि एका यंत्राने मिळून तो घडवला. त्यात पुणं आहे, नाशिक आहे, लंडन आहे. आणि सगळे हत्यार लपवायच्या मागे असताना ‘आम्ही ते उघड्यावर मिरवणार’ म्हणून रस्त्यावर उतरलेलं नागपूरही आहे. पुण्या-नाशिकची गोष्ट पाठ्यपुस्तकात आली, नागपूरची मागे पडली. मला ती पुढे आणायची आहे, पण त्यासाठी आधी कायदा पाहायला हवा.

वर्धा हे शहर तसं तरुणच. १८६२ साली नागपूरपासून तोडून वेगळा जिल्हा झाला आणि १८६६ साली पालकवाडीच्या जागी जिल्ह्याचं ठाणं वसवलं गेलं. त्यानंतर बारा वर्षांनी, १८७८ साली, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत हिंदुस्थानचा शस्त्रास्त्र कायदा आला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही याच साहेबांचा आणि याच सालचा. ५७च्या उठावानंतर लोकांकडची हत्यारं काढून घेण्याचं काम चालूच होतं, या कायद्याने त्याला कायमचं रूप दिलं. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचं नाही, घेऊन फिरायचं नाही. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन माणसाला मात्र सूट. राजेरजवाड्यांना नि काही किताबवाल्यांना सूट. कोडगूच्या कोडवांना सूट. बाकी सगळ्यांनी कलेक्टर कचेरीची पायरी चढायची. १८८७ साली मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, तेव्हाच या कायद्याविरुद्ध ठराव झाला. मवाळांच्या काळातला ठराव आहे हा. लोकांना हा कायदा किती लागला होता हे त्यावरून कळावं.

या कायद्यातली दोन कलमं शेजारी शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. एकोणिसावं कलम सांगतं की परवान्याशिवाय हत्यार बाळगलं किंवा घेऊन फिरलात तर तीन वर्षांपर्यंत कैद. विसावं सांगतं की हेच कृत्य सरकारी माणसाला कळू नये अशा बेताने केलंत तर सात वर्षांपर्यंत. म्हणजे उघड्यावर तीन आणि लपवून सात. सरकारला भीती कशाची होती ते या आकड्यांत उतरलं आहे. खांद्यावरची बंदूक शिपायाला लांबून दिसते. धोतराच्या ओच्यात किंवा कोटाच्या आतल्या खिशात काय आहे ते दिसत नाही. गंमत अशी की लपवण्याला जास्त शिक्षा ठेवणाऱ्या या कायद्यानेच लपवण्याची सक्ती केली. उघडं बाळगलं तर संध्याकाळच्या आत जप्ती ठरलेली. मग ज्याला हत्यार हवंच होतं त्याने ते लपवलं नसतं तर काय केलं असतं?

कायद्याच्या उंबरठ्यावरचा माणूस म्हणजे वासुदेव बळवंत फडके. १८७९ साली रामोशांना हाताशी धरून त्यांनी पुण्याच्या आसपास जे बंड केलं, ते जुन्या रीतीचं होतं. तलवारी, बंदुका, डोंगर, दरोडे. हत्यार हातात आणि हात वर. त्याच वर्षीच्या जुलैत ते पकडले गेले आणि १८८३ साली एडनच्या तुरुंगात वारले.  पुढची पिढी शहरात होती, शाळेत शिकलेली होती आणि तिच्या बंडाची जागा डोंगरातून खिशात आली.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव. पुण्यात गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसवर रोषणाई, मेजवानी, बग्ग्यांची ये-जा. प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत सोजीर घुसवणारा वॉल्टर चार्ल्स रँड रात्री परत निघाला. दामोदर चापेकर त्याच्या बग्गीमागे धावले, मागचा पडदा वर केला आणि आत गोळी झाडली. त्यांचे भाऊ बाळकृष्ण यांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी चालवली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तपशिलाकडे नीट पाहिलं तर दिसतं ते अंतर, किंवा अंतर नसणं. पडदा वर करण्याइतकं जवळ जावं लागलं. लपवता येण्याजोगं हत्यार आखूड असतं, आखूड हत्याराचा नेम लांबवर टिकत नाही, म्हणून मारणाऱ्याला मरणाऱ्याच्या श्वासाइतकं जवळ यावं लागतं. पुढच्या पन्नास वर्षांतल्या अनेक प्रसंगांत हे अंतर असंच हातभर राहिलं. आणि जो इतका जवळ जातो तो सहसा परत येत नाही. दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे १८९८-९९ या दोन वर्षांत फासावर गेले.

आता यंत्राकडे वळू. इकडे कायदा हत्याराला अंधारात ढकलत होता, त्याच दशकांत तिकडे बर्मिंगहॅम, लिएज आणि मॅसॅच्युसेट्सच्या कारखान्यांत हत्यार अंधारात मावेल असं बनवण्याची चढाओढ लागली होती. अडचण होती घोड्याची. जुन्या रिव्हॉल्व्हरचा घोडा बाहेर असे आणि त्याला मागे वळलेली शेपटी असे. अंगठ्याने ती शेपटी मागे ओढायची, घोडा चढवायचा, मग चाप ओढला की घोडा पुढे पडून काडतुसाच्या बुडावर आदळायचा. हातात धरून चालवायच्या हत्याराला हे ठीक. खिशातल्या हत्याराला ही शेपटी म्हणजे वैरीण. बाहेर काढताना ती अस्तरात अडकते, उपरण्याच्या काठाला लागते, आणि फारच वाईट वेळ असेल तर अर्धी चढून तशीच सुटते. मग गोळी मालकाच्याच मांडीत.

यातून सुटका झाली ती चापानेच घोडा चढवून पाडणारी रचना रुळल्यावर. एकदा चापच सगळं करू लागला की अंगठ्याचं काम संपलं आणि शेपटीचंही. मग कारागिरांनी तीन वाटा काढल्या. शेपटी कापून टाकायची, घोड्यावर दोन्ही बाजूंनी आवरण चढवायचं, किंवा घोडा आख्खाच पोटात घ्यायचा. वेब्लीचं आखूड ‘बुलडॉग’ १८७०च्या दशकापासून कोटाच्या खिशात जाऊ लागलं होतं. त्याचा घोडा बाहेर होता, पण बाकी सगळं बेतशीर. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती याच जातीच्या रिव्हॉल्व्हरने. १८८७ साली स्मिथ अँड वेसनने पूर्ण झाकलेल्या घोड्याचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याच्या मुठीच्या मागे एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळल्याशिवाय चाप हलायचा नाही. लोकांनी त्याला लिंबू पिळणी असं टोपणनाव ठेवलं. फ्रान्समध्ये तर सायकलवाल्यांच्या मागे लागणाऱ्या कुत्र्यांसाठी म्हणून ‘वेलोडॉग’ नावाची चिमुकली रिव्हॉल्व्हरं निघाली, त्यांतल्या कित्येकांचा घोडा झाकलेला आणि चाप दुमडून ठेवण्याजोगा. कुत्र्यांवर किती चालली देव जाणे, पण खिशात मात्र लाखो गेली असावीत. १९२०च्या दशकात कोल्ट कंपनीतला फिट्झगेराल्ड नावाचा जाणकार ठरावीक गिऱ्हाइकांसाठी रिव्हॉल्व्हरची नळी आखूड करून आणि घोड्याची शेपटी छाटून देई. अशी रिव्हॉल्व्हरं त्याच्या नावाने आजही ओळखली जातात.

याची किंमतही मोजावी लागते. अंगठ्याने चढवलेल्या घोड्याचा चाप हलका असतो, नेम राहतो. शेपटी गेली की प्रत्येक बार लांब, जड चापाने ओढावा लागतो आणि नळी हलते. घोड्याचं वजन घटलं की आघात हलका पडतो आणि काडतूस फुसकं जाण्याचा संभव वाढतो. ज्याला हे हत्यार लांबून चालवायचं आहे त्याने या वाटेला जाऊ नये. ते जवळून चालवायचं असतं, हे बनवणाऱ्यांनी आधीच धरून ठेवलेलं होतं.

या घोडेझाकू शर्यतीत सगळ्यांच्या पुढे निघून गेला तो अमेरिकेतल्या युटाचा जॉन मोझेस ब्राउनिंग. रिव्हॉल्व्हरचं जाडजूड चक्रच त्याने काढून टाकलं. काडतुसं मुठीत एकावर एक, वरून सपाट, बाहेर घोडा नाहीच. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या एफएन कारखान्याने १९०० सालापासून हे पिस्तूल बनवायला घेतलं. पुढच्या काही वर्षांत त्याची आणखी दोन भावंडं आली, एक थोरलं, एक तळहातात मावणारं. पहिल्या महायुद्धाच्या आधी एफएनने विकलेल्या एकाही ब्राउनिंगचा घोडा बाहेर नव्हता. खिशातून काढताना अडकायला काहीच नाही. कारखान्याचा हेतू सभ्य गृहस्थाच्या आत्मरक्षणाचा होता. पण ज्यांना कायद्याने उघडं हत्यार बाळगता येत नव्हतं त्या जगभरच्या माणसांनी ते आपलंसं केलं. १९०४ साली फिनलंडमध्ये रशियन गव्हर्नर-जनरल बोब्रिकोव्ह त्याने पडला. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी हार्बिनच्या रेल्वे स्थानकावर कोरियाच्या आन जुंग-गुनने जपानचे इतो हिरोबुमी यांना याच पिस्तुलाने मारलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नाशिकचा प्रसंग घडला.

लंडनमध्ये हे पिस्तूल मिळवणं अवघड नव्हतं. ब्रिटनने १९०३ साली पिस्तुलांसाठी कायदा केला होता, पण तो अगदीच पातळ. बंदुकीचा साधा परवाना टपाल कचेरीत पैसे भरून मिळायचा, तो दाखवला की दुकानदार पिस्तूल देई. ज्या हिंदी तरुणाला नाशकात किंवा वर्ध्यात हे स्वप्नातही मिळालं नसतं, तो लंडनच्या मोठ्या दुकानात शिरून गल्ल्यावर पैसे मोजू शकत होता. मदनलाल धिंग्रांनी कोल्टचं स्वयंचलित पिस्तूल तसंच विकत घेतलं आणि टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या नेमबाजीच्या जागेत सराव केला, तोही पैसे भरून, राजरोस. १ जुलै १९०९ च्या रात्री त्यांनी इंग्रज अधिकारी कर्झन वायलीला मारलं. साम्राज्याच्या राजधानीत हत्यार उघड विकलं जात होतं आणि वसाहतीत ते पेटीच्या दुहेरी तळात लपवून न्यावं लागत होतं. या विसंगतीवर त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी फारसा विचार केलेला दिसत नाही.

ती पेटी चतुर्भुज अमीनची. लंडनच्या ‘इंडिया हाउस’ या हिंदी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात तो स्वयंपाकी होता. विनायक दामोदर सावरकरांनी जमवलेली वीस ब्राउनिंग पिस्तुलं आणि काडतुसं त्याच्या सामानातल्या एका पेटीच्या खोट्या तळाखाली बसवली गेली आणि मार्च १९०९ च्या पहिल्या आठवड्यात तो मुंबई बंदरात उतरला. कस्टमवाल्यांनी पेटी उघडली असेल तर त्यांना स्वयंपाक्याचे कपडे दिसले असतील. वीस पिस्तुलं आणि त्यांची काडतुसं एका पेटीच्या तळात मावतात, यातच ब्राउनिंगची सारी करामत आली. घोडे बाहेर असलेली वीस रिव्हॉल्व्हरं, चक्रांसकट, त्या जागेत बसवून दाखवावीत कुणी! पण ज्यांच्या हाती हा माल पडायचा ते विनायकरावांचे थोरले बंधू बाबाराव सावरकर काही दिवस आधीच पकडले गेले होते. जूनमध्ये त्यांना जन्मठेप झाली. पिस्तुलं ‘अभिनव भारत’ या त्यांच्या गुप्त संघटनेच्या दुसऱ्या हातांत गेली.

बाबारावांचा खटला ज्यांच्यामार्फत पुढे गेला ते नाशिकचे कलेक्टर आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन. संस्कृतचे जाणकार, मराठी येणारे. लोक त्यांना ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. त्यांची बदली झाली होती आणि निरोपाचा कार्यक्रम विजयानंद नाट्यगृहात ठरला होता. २१ डिसेंबर १९०९, किर्लोस्कर नाटक मंडळी, देवलांचं ‘शारदा’. जॅक्सन प्रेक्षागृहात शिरले तेव्हा औरंगाबादेत शिकणारा अठरा वर्षांच्या आसपासचा अनंत लक्ष्मण कान्हेरे तिथेच होता. कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे दोघेही हत्यारं घेऊन जवळपास. अनंताचा नेम चुकला तर म्हणून. नाटकगृह गच्च भरलेलं, सणासारखं वातावरण, गावातली बडी मंडळी पुढच्या रांगांत, आणि प्रत्येकाच्या अंगावर थंडीचा कोट किंवा शाल. कुणाच्या शालीखाली काय आहे ते विचारायची रीत नव्हती.  अनंताने जवळ जाऊन गोळ्या झाडल्या, जॅक्सन तिथेच संपले, आणि अनंत जागीच पकडला गेला. तिघांनाही १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

इथे एक सांगितलं पाहिजे. जॅक्सन जाणारच होते. बदलीचा हुकूम निघालेला, निरोप चाललेला. लोकांत मिसळणारा, त्यांची भाषा बोलणारा अधिकारी जास्त धोक्याचा, हा कटवाल्यांचा हिशेब मला समजतो, पटत मात्र नाही. अनंताचं धाडस त्याने उणं होत नाही, पण ‘शारदा’च्या पडद्याआधी पडलेल्या त्या माणसाला नुसता खलनायक करून टाकणारी वर्णनं मी बाजूला ठेवतो.

हत्यार मागे खूण ठेवून जातं. नाशिकच्या खुनातलं पिस्तूल लंडनहून आलेल्या वीसपैकी आहे, असं सरकारी पक्षाने मांडलं. लपवण्यासाठी बनलेल्या त्या पिस्तुलाने आपला सगळा मार्गच उघडा केला: नाशिक, मुंबई बंदर, अमीनची पेटी, इंडिया हाउस. १३ मार्च १९१० ला सावरकरांना लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. बोटीतून आणताना जुलैत मार्सेलिसला त्यांनी उडी घेतली, ती कथा सर्वांना माहीत आहे. शेवटी दोन जन्मठेपी, पन्नास वर्षं.

आता आपल्याकडची गोष्ट, म्हणजे नागपूरची. पण तिच्याआधी गांधींचं एक वाक्य. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना गांधींनी काढलेल्या पत्रकात एक वाक्य होतं, ज्याने कमिशनरसाहेब चांगलेच चिडले. इंग्रजी राज्याच्या अनेक दुष्कृत्यांत साऱ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा कायदा इतिहास सर्वांत काळा मानेल, अशा आशयाचं. अहिंसेच्या पुजाऱ्याने हे लिहावं याचं अनेकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. ज्याच्या हातात हत्यार असूच शकत नाही त्याने ते खाली ठेवण्यात कसली अहिंसा? १९३० च्या जानेवारीअखेर त्यांनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. मीठ त्यात होतं, दारूबंदी होती, आणि अकरावी मागणी होती आत्मरक्षणासाठी, लोकांच्या नियंत्रणाखाली, शस्त्रपरवाने देण्याची. मिठाने इतिहास घडवला, अकराव्या मागणीची आठवण क्वचितच निघते.

या दोन सालांच्या मध्ये, १९२७ साली, नागपुरात मंचेरशा आवारी यांनी शस्त्रसत्याग्रह केला. आवारी पारशी, नागपूरकर, काँग्रेसचे. लोक त्यांना ‘जनरल आवारी’ म्हणत. नागपूरला अशा उघड लढ्याची सवय होती. १९२३ चा झेंडा सत्याग्रह इथेच झाला होता. वर्ध्याचे जमनालाल बजाज त्यात तुरुंगात गेले आणि वल्लभभाई पटेलांनी येऊन तो शेवटास नेला. बंदी असलेली वस्तू हातात धरून भर दिवसा चालत जायचं, ही त्या सत्याग्रहाची रीत होती. आवारींनी झेंड्याच्या जागी तलवार घेतली. निमित्त होतं बंगालच्या राजबंद्यांचं. १९२४ च्या वटहुकुमाखाली तिथले अनेक जण खटल्याविना डांबले गेले होते. सुभाषचंद्र बोस मंडालेच्या तुरुंगात खितपत होते. त्यांना सोडा, ही मागणी. आणि मोडायचा कायदा कोणता, तर शस्त्रास्त्र कायदा.

हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावं. नागपूरच्या रस्त्यावर पोरं तलवारी घेऊन चालली आहेत. कुणावर उगारायची नाही, म्यानात लपवायची नाही, पोलीस आला की पळायचं नाही. हत्यार आहे पण हल्ला नाही. जे कृत्य गुपचूप केलं तर सात वर्षं, तेच सरकारच्या डोळ्यांत डोळे घालून करायचं. बंगालात पिस्तुलं पुस्तकांच्या पोटात आणि उशांच्या कापसात दडत होती त्या काळात नागपूरकरांनी हत्याराला पुन्हा उजेडात आणलं, आणि उजेडात आणताच त्याची धार बोथट करून टाकली. आवारी तुरुंगात गेले, तिथे त्यांनी दीर्घ उपोषण केलं. बोस त्या मे महिन्यात सुटले ते मुख्यतः ढासळलेल्या प्रकृतीमुळे. त्याचं श्रेय नागपूरला देणं ओढूनताणून होईल.

गांधींनी या सत्याग्रहाला आशीर्वाद दिला नाही. ‘यंग इंडिया’त त्यांनी आपली नापसंती स्पष्ट केली. तलवार हातात घेऊन सत्याग्रह होत नाही, हे त्यांचं म्हणणं त्यांच्या तत्त्वाला धरूनच होतं. पण १९१८ च्या पत्रकातलं वाक्य आणि १९३० ची अकरावी मागणी यांच्यामध्ये आवारींची तलवार ठेवून पाहिली, तर ती परकी वाटत नाही. कायद्यावर राग दोघांचाही होता. एकाने तो लिहिला, दुसऱ्याने तो कमरेला लटकवून बाजारातून फिरवला. माझा कल आवारींकडे आहे, हे लपवत नाही.

नंतर गांधी वर्ध्याला आले, १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले. सिंदी मेघेहून सेवाग्राम म्हणजे काही दूरदेश नव्हे. आश्रमाला कुंपण नव्हतं, दारावर झडती नव्हती. सप्टेंबर १९४४ मध्ये जिनांशी बोलणी करायला ते मुंबईला निघाले, तेव्हा ती बोलणी होऊ नयेत म्हणून निदर्शकांचा एक गट आश्रमापाशी धरणं धरून बसला होता. पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं, आणि झडतीत त्यांच्या म्होरक्याजवळ सुरा सापडला. मोटारीचं टायर फोडायला आणला, असा खुलासा झाला. प्यारेलाल यांनी ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. टायर फोडायला खिळाही पुरतो, हे तिथल्या फौजदारालाही सुचलं असेल. पण गांधींनी झडत्या नि पहारे पुढेही नकोच म्हटले.

दिल्लीत २० जानेवारी १९४८ चा गांधींच्या हत्येचा प्रयत्न फसला, त्याआधीच लपवलेल्या हत्यारांची खराबी उघडी पडली होती. पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या जबानीतून त्या सकाळचं चित्र मिळतं. हिंदू महासभा भवनामागच्या रानात दोन रिव्हॉल्व्हरं तपासायला घेतली. गोपाळ गोडसेने आणलेल्या रिव्हॉल्व्हरचं चक्र फिरेचना. दुसऱ्यातून झाडलेली गोळी झाडापर्यंतही पोचली नाही. मग तेल आणि चाकू घेऊन दुरुस्तीची खटपट. देशाचा इतिहास बदलायला निघालेली माणसं आणि हातात अडकलेलं चक्र! संध्याकाळी मदनलाल पाहवाचा स्फोट तेवढा झाला, बाकीचे पांगले. म्हणून नथुराम गोडसे ग्वाल्हेरला गेला आणि तिथून बेरेटाचं पिस्तूल आणलं. १९३४ च्या नमुन्याचं, इटालियन सैन्यासाठी बनलेलं. त्याचा घोडा बाहेरच होता, पण शेपटीऐवजी गोल कडं असलेला, कपड्यात सहसा न अडकणारा. ३० जानेवारीला बिर्ला भवनाच्या हिरवळीवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. अंतर तेच, हातभर.

स्वतंत्र भारताने १८७८ चा कायदा १९५९ साली बदलला. नवा कायदा १९६२ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. वंशावरून सूट देण्याची रीत त्याआधीच, १९२०च्या नियमांनी, बरीचशी मोडीत निघाली होती. परवान्याची चौकट मात्र तशीच राहिली, उलट घट्ट झाली. परवान्याशिवाय नळी आखूड करणं किंवा खोटं पिस्तूल खरं करणं हा नव्या कायद्याच्या सहाव्या कलमाखाली गुन्हा आहे; हत्यार बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं हा धंदा परवानाधारकानेच करायचा. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा हत्यार बनवण्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत नेली. गावठी कट्ट्यांच्या बातम्या वाचल्यावर ती का नेली ते कळतं.

२०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचं बत्तीस बोअरचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं. दिल्लीच्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर बायकांच्या पर्ससाठी म्हणून त्याची जाहिरात झाली. वजन अर्धा किलोच्या आसपास, किंमत सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला रात्री आठच्या बसने घरी यायचं असतं तिला ते परवडणारं नव्हतंच. आणि पर्ससाठी बनवलेल्या त्या हत्याराचा घोडा बाहेर होता, शेपटीसकट.